अंजनाबाईची पाहुणी पिल्लं

अंजनाबाई गजभिये कॅन्सरवर औषध शोधते, असं तिचा नवरा देवाजी इतवारी बाजारातल्या सगळ्या हमालांना छातीठोक सांगायचा. देवाजी किराणा ओळीत ठेला ओढायचा. दिवसभर ओझं ओढणारा माणूस बोलायला बसला की बोलण्यातही दोन पोती जास्तीची चढवतो, तेव्हा ती दोन पोती आपण उतरवून घ्यायची. अंजनाबाई उंदीर सांभाळायची. एवढंच.

पण कसे सांभाळायची, ते सांगण्यासारखं आहे.

नागपुरात कॅन्सरच्या एका दवाखान्यामागं अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांची बैठी इमारत होती. तिच्याही मागं, कडुनिंबाच्या ओळीपलीकडं, एक लांबट, कवेलूंनी शाकारलेलं घर. त्यात पाच-सहाशे पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे, पेट्यांमध्ये ओळीनं ठेवलेले. अंजनाबाई तिथं पहिल्यांदा गेली ती सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात, खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला. दोन महिन्यांचं काम होतं. पण त्या वर्षी मे महिन्यात उंदीर कमी मेले. मोठ्या साहेबांनी विचारलं, असं कसं? तर ही बाई ताट्यांवर पाणी मारून झालं की घरून आणलेली गोणपाटं भिजवून पेट्यांच्या खाली अंथरत होती, कोणी न सांगता. साहेब म्हणाले, हिला राहू द्या. उंदीर मारायचे लोक पैसे देतात हे अंजनाबाईला माहीत होतं. जगवायचेही देतात हे तिला त्या दिवशी समजलं, आणि पुढं कितीतरी दिवस तिला ते आठवलं की हसू यायचं.

ती तिथं राहिली, पण रोजंदारीवरच.

शिक्षण म्हणाल तर छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली, त्यानंतर वस्तीत संध्याकाळचा वर्ग निघाला, त्यात दुसरीचं पुस्तक अर्धं झालं होतं. मग पहिलं मूल आलं आणि पुस्तक राहिलं. पाटीवरचं नाव बोट ठेवून वाचता येई, आकडे येत. उंदीरघरात प्रत्येक पेटीला एक पुठ्ठ्याचं कार्ड असे. पिल्लं झाली की तिनं तेवढ्या उभ्या रेघा मारायच्या, एखादं मेलं की एक रेघ आडवी खोडायची. उंदरांना नावं द्यायची नाहीत असा तिचा नेम होता. "मरणाऱ्यायले नावं काहून द्या? मंग रडत बसा," म्हणायची. पण कोणता उंदीर कोणाच्या पोटचा, कोणाची आई चावरी होती, कोणाचा बाप आळशी होता, सगळं तिला पाठ. तिच्यासोबत झाडलोट करणारा लहानू म्हणायचा, "अंजनाबाई, तू उंदरायची भाट आहेस वं. सात पिढ्या सांगतेस."

"तुह्या तीन सांग पाहू," ती म्हणायची. लहानूला आजाच्या पलीकडं सांगता येत नसे.

त्र्याहत्तर साली तिथं डॉक्टर इंदुताई पांढरीपांडे आल्या. तिशीच्या, किरकोळ बांध्याच्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांना जेवायची आठवण राहत नसे. त्यांचं घर नागपुरातल्या महाल भागातलं, सोवळ्याओवळ्याचं. महिनाभरात त्या अंजनाबाईच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खायला लागल्या.

"घरी सांगू नका हो," त्या म्हणाल्या.

"मी काहून सांगू? तुमच्या घरी मले बोलावते कोण?" अंजनाबाई म्हणाली. इंदुताईंना ठसका लागला, तो ठेच्याचा की कशाचा, ते त्यांचं त्यांना माहीत.

इंदुताईंना आपल्या कामाबद्दल बोलायला फार आवडे, आणि साहेबलोकांना ते ऐकायला फारसं आवडत नसे. म्हणून त्या अंजनाबाईला सांगत. पंच्याहत्तर साली परदेशातून त्यांच्या नावानं एक लहानसं पार्सल आलं. आत बाटली, बाटलीत पांढरी भुकटी.

"हे काय, बाई? पिठीसाखर?"

"प्लास्टिकच्या जातीतलं आहे."

"बादलीवालं प्लास्टिक?"

"त्याचं चुलतभावंड म्हणा. हे पाण्यात विरघळतं." इंदुताईंनी तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडं बोट केलं. "हे बघा, एक मणी घेतला, त्याला दुसरा जोडला, तिसरा जोडला, अशी हजार मण्यांची माळ झाली. प्लास्टिक म्हणजे ती माळ. कारखान्यात ओवलेली. ही माळ उंदराच्या पोटात टोचली की त्याच्या अंगातले चौकीदार जागे होतात, असं तिकडच्या लोकांना दिसलंय."

"अंगात चौकीदार?"

"असतात. रक्तात, पोटात, डाव्या बरगडीखालच्या पानथरीत. बाहेरचं काही आत शिरलं की ते त्याला खाऊन टाकतात. पण कॅन्सर बाहेरून येत नाही ना. घरातलाच मुलगा बिघडतो. चौकीदार त्याला ओळखतात, वाड्यातलाच आहे म्हणून सोडून देतात. ही माळ पाहिली की ते बिचकतात, चवताळतात. मग त्या झटक्यात घरच्या चोरालाही पकडतात की नाही, तेवढं मला बघायचंय."

"अन् जास्त माळ टोचली तं?"

"पानथरी फुगते. उंदीर मरतो." इंदुताई हसल्या. "नेमकं विचारलंत. साहेबांनी अजून विचारलं नाही."

घरी येऊन अंजनाबाईनं हे देवाजीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी किराणा ओळीत बातमी पसरली की बादल्या उकळून कॅन्सरचा काढा निघतो.

आता मुख्य गोष्ट. उंदीरघरात दोन घडवंच्या होत्या, एक डाव्या भिंतीला, एक उजव्या. दोन्हींवरचे उंदीर पांढरे, दोन्हींचे डोळे लाल. तुम्हाआम्हाला फरक दिसला नसता. पण इंदुताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या दोन वेगळ्या जाती आहेत. यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही." अंजनाबाईनं आपल्या परीनं अर्थ लावला. डावीकडची नवरी उजवीकडच्या नवऱ्याला द्यायची नाही. हे समजायला तिला काही जड गेलं नाही. जगात सगळीकडं हाच नेम चालू आहे, तर उंदरांत का नसावा? तिनं तो काटेकोर पाळला.

त्या वर्षीचा मे महिना भयंकर होता. इंदुताई पंधरा दिवस मुंबईला काही शिकायला गेल्या होत्या. एका दुपारी उजव्या घडवंचीवरची एक माय उष्म्यानं गेली. तिच्या पोटाशी चार पिल्लं, जन्मून तीन दिवस झालेली, गुलाबी, डोळे मिटलेले. नेम असा की माय गेली तर पिल्लं संपवायची आणि कार्डावर खोडायचं.

अंजनाबाईनं ती ओंजळीत घेतली. ओंजळीत चार शेंगदाण्यांएवढं ओझं.

तिचं दुसरं बाळ गेलं होतं, सोळा वर्षांमागं. आठवडाभरात शेजारच्या घरची बाळंतीण तापानं आडवी झाली आणि तिची मुलगी, प्रेमिला, दुधावाचून टाचा घासायला लागली. अंजनाबाईनं न विचारता तिला पदराखाली घेतलं. वस्तीत ही रीतच होती. एकीचं आटलं तर दुसरीनं पाजायचं, आणि कोणी त्याचा उपकार बोलून दाखवायचा नाही. प्रेमिला आता लग्नाची झाली होती आणि अजूनही अंजनाबाईला दूधमाय म्हणायची.

तर तिनं काय केलं, डावीकडं पाहिलं. तिथं एका मायला त्याच दिवशीची चार पिल्लं होती, आणि माय अशी भरलेली की आणखी चार सहज पोसेल. उंदराची माय परक्या वासाचं पिल्लू खाऊन टाकते. म्हणून अंजनाबाईनं त्या चौघांना त्या मायच्या घरट्यातल्या भुशात चांगलं घोळलं, तिच्या लेकरांच्या अंगाला घासलं आणि मग मधोमध ठेवून दिलं. माय आली, हुंगलं, आडवी झाली. आठही चुपचुप प्यायला लागली.

"पाह्य गा, लहानू," ती म्हणाली. "कशी समजदार आहे."

लहानू दारातून बघत होता. "बाईले समजलं तं?"

"काय समजन? मी सोयरीक थोडीच जोडली? दूध पाजलं."

मग तिनं डावीकडच्या कार्डावर चार रेघांच्या आठ केल्या. उजवीकडच्या कार्डावरच्या चार खोडल्या. ही मात्र लबाडी होती, आणि ती तिला तेव्हाही ठाऊक होती.

जूनमध्ये इंदुताई परत आल्या, पिल्लं मोठी झाली, आणि त्यांच्या कानांना खुणा करायचा दिवस आला. कानाला बारीक खाचा पाडायच्या, त्यावरून आकडा ठरे. अंजनाबाई एकेक उंदीर पेटीतून काढून धरायची, इंदुताई खाच पाडून आकडा सांगायच्या. डावीकडच्या चाळीस उंदरांना एक ते चाळीस. त्या पेटीची पाळी आली तेव्हा तीस झाले होते. अंजनाबाईनं आधी पाहुणी चार काढली. घरात पंगत बसली की पाहुण्याला आधी वाढतात, तशी. एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस. मग घरची चार.

पहिल्या वीस उंदरांना नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्या विसांना मिठाच्या पाण्यातून ती माळ. मग सगळ्यांच्या कुशीत कॅन्सरच्या गाठीचा कण टोचला आणि रोज मोजमाप सुरू झालं. अंजनाबाई धरायची, इंदुताई चिमट्यासारख्या कंपासनं गाठ मोजून वहीत लिहायच्या.

पहिल्या विसांच्या गाठी भराभर वाढल्या. वाटाणा, मग बोर. दुसऱ्या विसांच्याही वाढत होत्या, पण जरा दमानं. आणि बाराव्या दिवशी इंदुताईंनी एकतीस नंबर हातात घेतला, कूस चाचपली, पुन्हा चाचपली.

"अंजनाबाई, याची गाठ कुठाय?"

गाठ नव्हती. बत्तीसची नव्हती. तेहतीस, चौतीस, दोघांच्याही कुशी साफ, जशी कधी काही झालंच नव्हतं.

इंदुताई खुर्चीवर बसल्या, उठल्या, परत बसल्या. मग त्या चक्क पळत मोठ्या साहेबांकडं गेल्या. दुपारी सगळ्यांना संत्रा बर्फी मिळाली. साहेब स्वतः उंदीरघरात आले, जे ते वर्षातून एकदा यायचे, आणि नाकाला रुमाल न लावता आले, जे कधीच यायचे नाहीत. मुंबईच्या परिषदेत हा निबंध वाचायचा असं ठरलं. जाता जाता साहेब म्हणाले, "या बाईंचा कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे ना? करून टाकू आता."

अंजनाबाई बर्फीचा अर्धा तुकडा देवाजीसाठी कागदात बांधत होती. इंदुताई तिच्याजवळ येऊन बसल्या. चेहरा असा फुलला होता की त्या शाळेतल्या पोरीसारख्या दिसत होत्या.

"तुम्हाला समजतंय का काय झालंय ते? गाठ विरघळली. पूर्ण! अशी मी एकदाच बघितली आहे, ती उजवीकडच्या उंदरांत."

"उजवीकडच्या?"

"हो. हीच गाठ उजवीकडच्या उंदराला टोचली असती ना, तर दहा-बारा दिवसांत औषधाशिवाय आपोआप गेली असती. कारण ही गाठ मूळची डावीकडच्या जातीची. उजवीकडच्याला ती परकी. त्याचे चौकीदार लगेच ओळखतात आणि फाडून खातात. डावीकडच्यांना ती घरची वाटते, म्हणून तर ते मरतात. आणि त्या घरच्या गाठीला या चौघांनी ओळखलं! माळेनं चौकीदार जागे केले, अंजनाबाई!"

कागदाची पुडी बांधणारा हात थांबला.

"बाई," ती म्हणाली, "त्यायनं दुसऱ्याचं दूध पेलं असलं तं? दूध पेल्यानं आंग बदलते काय?"

"दुधानं? छे. अंग जन्माचं असतं ते असतं. का हो?"

"काई नाई. असंच."

त्या संध्याकाळी तिनं लहानूला निंबाखाली गाठलं आणि सगळं सांगितलं. लहानूनं विडी विझवली.

"गप राह्य," तो म्हणाला. "चार उंदरं काय घेऊन बसलीस? बाई खुश, साहेब खुश, तुहा कागद टेबलावर. आठ वर्सं झाली तू ताट्या भिजवून राहिली."

"खोटं आहे नं पण ते."

"तू थोडी बोलली खोटं? उंदरायनं आपल्या मनानं गाठी गमावल्या. तू काय त्यायले सांगितलं होतं?"

त्याचं म्हणणं सोयीचं होतं. अंजनाबाईनं ते दोन दिवस मनात सांभाळलं. देवाजीलाही काही बोलली नाही. देवाजीनं बर्फी खाल्ली आणि म्हणाला, "एवढं मोठं औषध शोधलं अन् अर्धाच तुकडा?" तिला हसू आलं नाही, तेव्हा तो जरा चमकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी भरायला नळावर गेली. दवाखान्यात शेक घ्यायला येणारे पेशंट आणि त्यांची माणसं त्या निंबांखाली चुली मांडून राहत. विजेचा शेक सहा-सहा आठवडे चाले, आणि गावाकडची माणसं रोज ये-जा कशी करणार? तिथं काटोलकडची एक बाई होती. तिच्या नवऱ्याचा जबडा सुजलेला, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन तोंडात जखम झालेली. ती अंजनाबाईची कळशी उचलू लागली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी उंदरायच्या घरात आहा नं? तो लहानूभाऊ चहाच्या ठेल्यावर सांगे, औषध भेटलं म्हणून. चार उंदरं बरे झाले म्हणे. साफ." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खांबाला टेकून गमछ्यानं तोंड झाकून बसला होता. "आमच्या यायले भेटन काय ते? शेक बंद करू काय मंग? शेकानं तं तोंड सारं सोलून निघालं यायचं."

अंजनाबाईनं कळशी खाली ठेवली.

"शेक बंद नोको करू," ती म्हणाली. "अजिबात नोको. मी विचारून येतो."

ती तशीच, ओल्या पायांनी, इंदुताईंच्या खोलीत गेली. इंदुताई मुंबईचा निबंध लिहीत होत्या.

"बाई, एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस. ते चारी उजवीकडचे आहेत."

इंदुताईंनी मान वर केली. अंजनाबाईनं सगळं सांगितलं. उष्म्यानं मेलेली माय, घोळलेला भुसा, आठ रेघा, पाहुण्याला आधी. शेवटी म्हणाली, "तुमी म्हटलं होतं सरमिसळ नाई करायची. मी सोयरीक नाई जोडली, बाई. फक्त दूध पाजलं. पण रेघा मारल्या त्या खोट्या मारल्या."

इंदुताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं, आणि म्हणाल्या, "जा तुम्ही. काम करा."

त्या दुपारी ठेचा डब्यात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही. इंदुताई उंदीरघरात यायच्या, मोजमाप करायच्या, "धरा", "सोडा", एवढंच बोलायच्या. उजव्या घडवंचीवरचे चार उंदीर काढून त्यांनी तीच गाठ त्यांना टोचली. माळ दिली नाही, मिठाचं पाणीही नाही. आणि पुन्हा वाट पाहायची बारा दिवस.

अंजनाबाईच्या जिवाला त्या बारा दिवसांत काय वाटलं, ते तिलाच माहीत. रोज सकाळी ती त्या चौघांच्या कुशी आधी स्वतः चाचपायची. तिला वाटे, एकाची तरी गाठ राहो. एकाची राहिली तर कदाचित तिचे पाहुणे खरोखर माळेनं बरे झाले असतील. देवाजीला शेवटी सांगावंच लागलं. त्यानं ऐकून घेतलं, डोक्यावरचं मुंडासं सोडून झटकलं, आणि म्हणाला, "किराणा ओळीत काय सांगू मी आता?"

"सांगा का बायकोनं गडबड केली."

"ते तं ते आधीच म्हणतेत," देवाजी म्हणाला. मग त्यानं विचारलं, "नोकरी जाईन काय?"

"जाईन बी."

"बरं. ठेल्याले मागून ढकलाले माणूस लागतेच." आणि त्यानं तिच्यासमोर भाकरीचं ताट सरकवलं, जे त्यानं लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच केलं.

अकराव्या दिवशी तीन गाठी गेल्या. तेराव्या दिवशी चौथी.

इंदुताईंनी शेवटचा उंदीर अंजनाबाईच्या हातात परत दिला आणि त्या तिथंच, भुशाच्या पोत्यावर, साडीचा विचार न करता बसल्या.

"ते चार हिशोबातून गेले," त्या म्हणाल्या. "विसांतले सोळा राहिले."

"त्यायचं काय झालं, बाई?"

"त्यांच्या गाठी गेल्या नाहीत. पण पाण्यावाल्यांपेक्षा ते आठ दिवस जास्त जगले. आठ दिवस." त्यांनी वही चाळली. "काहीतरी आहे माळेत. थोडंसं आहे. मी मुंबईत चार उंदरांच्या जोरावर उभी राहिले असते, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी माझं नाव घेऊन हसलं असतं. साहेबांना सांगितलंय सगळं. तुमचा कागद त्यांनी परत खाली ठेवला. मी भांडले. म्हटलं, दुसरं कोणी असतं तर आपल्याला समजलंच नसतं. वर्षभर थांबा म्हणाले."

अंजनाबाई खाली बसली. दोघींच्या मध्ये पेटी.

"बाई, एक विचारू? म्हणजे अंगाच्या आतमधीबी जात पाहतेत काय? एका मायचं दूध पेले, एका घरट्यात वाढले, तरी बी?"

इंदुताईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "पाहतात. पण या जाती देवानं नाही केल्या, अंजनाबाई. वीस-वीस पिढ्या सख्ख्या भावाबहिणींची लग्नं लावून माणसांनी केल्या. प्रयोगाच्या सोयीसाठी."

"हां. मंग बरोबर," अंजनाबाई म्हणाली. "मीबी तेच म्हणे."

इंदुताईंना हसू फुटलं, बऱ्याच दिवसांनी. त्यांनी विचारलं, "डबा आणलाय का?"

भाकर खाऊन झाल्यावर त्यांनी कोरी वही काढली. "आता सांगा. डावीकडून सुरू करा. कोण कोणाचं, कोणी कोणाला पाजलं, सगळं. पुन्हा करायचंय हे, नीट." आणि अंजनाबाई सांगत गेली. पहिल्या पेटीतली थोराड माय, तिची आई चावरी होती, तिला दोन वेतं झाली, दुसऱ्या वेतातला हा. लहानू झाडू घेऊन दारात उभा राहिला तो उभाच राहिला. इंदुताईंनी वहीत एक जास्तीचा रकाना आखला, पाजलं कोणी हे लिहायला, आणि त्यावर दूधमाय असंच लिहिलं, मराठीत, सगळ्या इंग्रजी रकान्यांच्या शेजारी.

उठता उठता अंजनाबाई म्हणाली, "निंबाखाली काटोलची बाई आहे. तिले सांगाले लागते."

"मी येऊ?"

"नाई. लहानूनं सांगितलं, म्हणजे आमच्याचकडून गेलं ते. मीच सांगतो."

ती गेली. बाई चुलीवर पेज ढवळत होती. नवऱ्याच्या जबड्याची सूज थोडी उतरली होती, शेकाचे पाच आठवडे झाले होते. अंजनाबाई तिच्याजवळ उकिडवी बसली आणि फिरवून फिरवून न बोलता सांगितलं की त्या चार उंदरांची गोष्ट खरी नव्हती, तिच्याच हातून घोळ झाला होता, औषध अजून व्हायचं आहे. बाकीचे सोळा आठ दिवस जास्त जगले, एवढंच खरं आहे.

बाई ढवळायची थांबली नाही. पेज लागू नये म्हणून तिनं पळी खालपर्यंत फिरवली.

"उंदराचे आठ दिवस," ती म्हणाली, "म्हणजे माणसाचे किती होतेत वं?"

अंजनाबाईला हे सुचलंच नव्हतं. ती उठली, परत आत गेली आणि इंदुताईंना विचारलं. इंदुताईंनी बोटांवर काही मोजलं, कागदावर मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग पेन ठेवून म्हणाल्या, "उंदीर दोन वर्षं जगतो, त्या मानानं काढलं तर खूप होतात. पण तसं काढता येत नाही. माणसात हे होईल की नाही, हेच अजून कोणाला माहीत नाही. माहीत नाही असंच सांगा तिला. आणि शेकाचा शेवटचा आठवडा चुकवू देऊ नका."

अंजनाबाईनं तसंच जाऊन सांगितलं. बाईनं मान डोलावली, पेज वाटीत ओतली, फुंकर घालून गार केली आणि नवऱ्याच्या पुढ्यात धरली. त्यानं गमछा बाजूला केला आणि घोटाघोटानं प्यायला लागला.

"पाच आठवडे झाले," बाई म्हणाली. "एक तं काढूच."

"काढाच," अंजनाबाई म्हणाली, आणि त्याची वाटी रिकामी होईपर्यंत तिथंच बसून राहिली.